रोशाच्या तेलाची आखाजी

आमच्या पडवीत धान्याच्या कोठीवर एक खापर पालथं ठेवलेलं असतं. मातीचं, मोठ्या घमेल्याएवढं, पोटाला काळंभोर. वर्षभर त्याच्याकडे कोणी बघत नाही. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की सासूबाई ते खाली उतरवून घेतात, बोटाच्या पेराने ठोकून बघतात आणि आवाज खणखणीत आला की म्हणतात, "शे, जित्तं शे." म्हणजे तडा गेलेला नाही.

सासूबाईंना मी आई म्हणते. आमचं गाव धुळ्याहून पारोळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत आहे. गावात पुरणाचे मांडे सगळ्यांना आवडतात, पण करता येणाऱ्या बायका आता फार राहिल्या नाहीत. लग्न असलं की आईंना आधी बोलावणं यायचं, मग मांडववाल्याला.

पोळी पोळपाटावर होते. मांडा होतो हातावर. पुरण भरलेला उंडा तळव्याएवढा लाटला की तो उचलायचा आणि या हातावरून त्या हातावर फिरवत वाढवायचा. आई फिरवायला लागल्या की तो आधी मनगटावर यायचा, मग कोपरापर्यंत पसरायचा, पदरासारखा खाली लोंबायचा आणि त्याच झोकात तापलेल्या खापरावर जाऊन पडायचा. इतका पातळ की मागचा जाळ त्यातून दिसे. आणि हे सगळं उघड्या अंगणात, दगडांच्या चुलीवर, भोवती बायकापोरं बघत असताना.

ते बघणारे डोळेच मला नको वाटायचे. लग्न होऊन आले तेव्हापासून मी पुरण वाटून द्यायची, उंडे भरायची, चुलीत काड्या सारायची. मांडा हातावर कधी घेतला नव्हता. चार माणसं बघायला लागली की माझ्या तळव्यांना पाणी सुटतं. आईंनी सुरुवातीला एकदोनदा आग्रह केला, मग माझा नाद सोडला.

त्यांची बोटं सुजायला लागली ती एका थंडीत. सकाळी उठल्यावर मूठ मिटायची नाही. बांगडी मनगटावर अडकून बसली ती शेवटी साबण लावून काढावी लागली. भाकरी थापताना त्या दात दाबून धरायच्या, पण बोलायच्या नाहीत. एक दिवस दुधाचा गंज हातातून सुटला, तेव्हा आमच्या ह्यांनी गाडी काढली आणि आम्ही धुळ्याला दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी बोटं एकेक करून दाबून बघितली. सांधे झिजलेत, सूज आहे, म्हणाले. गोळ्या दिल्या, त्या जेवल्यावरच घ्यायच्या. गरम पाण्यात हात शेका, वजन उचलू नका.

आईंनी एकच विचारलं, "मांडा करता येतीन ना?"

"किती वजन असतं त्याचं?"

"वजन काही नही. झोक शे."

डॉक्टर हसले. "मग झोक कमी करा."

पायरी उतरल्यावर आई म्हणाल्या, "झोक कमी करा म्हने. मंग मांडा काय चालत जाई का खापरवर?"

मी डॉक्टरांना एक विचारायचं ठरवून गेले होते, ते तोंडातून निघालं नव्हतं. शेवटी ह्यांना मागे पाठवलं. तेल चोळलं तर चालेल का? डॉक्टरांनी सांगून पाठवलं, चालेल, बरं वाटेल, पण झिजलेलं हाड तेलाने भरून येत नाही आणि गोळ्या बंद करायच्या नाहीत.

माझ्या मनात रोशाचं तेल होतं. माझं माहेर शिरपूरकडे, सातपुड्याच्या पायथ्याला. तिथल्या डोंगरउतारावर रोशा नावाचं गवत उगवतं. पावसाळा सरला, गवत फुलावर आलं की ओढ्याच्या काठाला भट्टी लागायची. मोठ्या डेगीत गवत दाबून भरायचे, वरून झाकण मातीने लिंपायचे आणि खाली जाळ घालायचे. वाफ नळीतून ओढ्याच्या पाण्यात ठेवलेल्या भांड्यात यायची आणि तिथे थंड होऊन तेल वर तरंगायचं. भट्टी चालू असली की सगळ्या गावाला वास. गुलाबासारखा म्हणावा तर त्यात आल्याचा तिखटपणा. मी चौथीपर्यंत शिकले, त्या शाळेच्या खिडकीतून तो वास आत यायचा आणि आमचे गुरुजी मधेच थांबून नाक वर करायचे. आमच्याकडे कोणाचा गुडघा धरला, पाठ भरली, तर रोशा. दुसरं काही कोणाला सुचायचं नाही.

धुळ्यात जुन्या बाजारात एका गल्लीत एक म्हातारे चाचा अत्तर आणि तेलं विकतात. दुकान एवढं अरुंद की गिऱ्हाईक रस्त्यात आणि चाचा बाटल्यांच्या आड. मी आईंच्या मागे उभी राहिले. आईंनी मला कोपराने पुढे ढकललं. "बोल ना वं. तेल तुन्ह्या माहेरनं शे, मन्ह्या नही."

"रोशा आहे का?" मी म्हटलं.

चाचांनी चष्मा वर केला. "रोशा! बहोत दिनों के बाद नाव ऐकलं बेटी. आता सगळ्यांना ट्यूब पाहिजे." त्यांनी मागून एक बारकी काळी बाटली काढली, बूच उघडून आईंच्या नाकाखाली धरली. आईंचे डोळे मिटले ते उघडेनात.

"पण एक गोष्ट ध्यानात ठेवा," चाचा म्हणाले. "हे कच्चं लावायचं नाही. तिळाचं तेल घ्या पळीभर, त्यात याचे थोडे थेंब. धार नको, थेंब. जखमेवर नको, डोळ्याला हात नको. थोडा निलगिरीचा थेंब टाकला तरी चालेल. जास्ती लावलं म्हणून जल्दी बरं होत नाही."

आई हो हो म्हणाल्या. घरी येताना गाडीत मात्र त्यांचं मत वेगळं होतं. "आपण एवढी महागाची बाटली घेतली आणि वर तिळाचं तेल टाकायचं? हाई तर भेसळ व्हयनी. दूधमा पानी टाकतस तसं."

"तसं नाही आई. ते फार तिखट असतं."

"तिखट शे म्हनीसन तर गुण शे ना."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मागच्या दारी शेवग्याच्या शेंगा तोडत होते. आईंची हाक आली. येऊन बघते तर निंबाखाली बसलेल्या, दोन्ही हात पुढे धरून फुंकर घालत होत्या, आणि मनगटं डाळिंबासारखी लाल. बाटली शेजारी उघडी.

"आग लागनी वं माय! पानी टाक!"

मी पाणी टाकलं नाही. आमच्याकडे लहानपणी असं झालं की साधं तेल लावून पुसायचे, तेच केलं. तिळाचं तेल ओतलं, मऊ फडक्याने हलक्या हाताने टिपून घेतलं, पुन्हा ओतलं. हळूहळू आग शांत झाली. खाटेवर पडलेले आबा, म्हणजे माझे सासरे, एवढा वेळ बघत होते. ते म्हणाले, "आते झाई का भेसळ?"

"तुम्ही गप ऱ्हा," आई म्हणाल्या. पण त्या दिवसापासून तेल मिसळायचं काम माझ्याकडे आलं.

मग आमचा एक नेमच झाला. दुपारची भांडी आवरली की मी पातेल्यात गरम पाणी आणायची. आईंनी त्यात हात बुडवून बसायचं. नंतर कोरडे करून, पितळी वाटीतलं मिसळलेलं तेल घेऊन मी एकेक बोट चोळायची, मुळापासून टोकाकडे नाही, टोकापासून मुळाकडे. माझी आई तसंच करायची. कधी बांधावरून निर्गुडीचा पाला आणायची, तव्यावर गरम करून वरून बांधायची. शेजारच्या अक्काही आपले गुडघे घेऊन यायला लागल्या. अक्का गावात सगळ्यांच्या स्वयंपाकाला नावं ठेवतात. गुडघ्यावर तेल पडलं की मात्र त्यांचं तोंड थोडा वेळ बंद राहायचं, म्हणून आबांनीही हरकत घेतली नाही.

महिन्याभरात आईंची मूठ सकाळी मिटायला लागली. पूर्ण नाही, पण मिटायची. सूज थोडी राहिलीच. गोळ्यांचा गुण किती, शेकण्याचा किती आणि तेलाचा किती, ते मला सांगता येणार नाही. आई सगळं रोशाच्या नावावर घालायच्या, कारण गोळ्यांना काही वास नव्हता.

अशात रावेरहून नणंदेचा फोन आला. तिला रावेरला केळीवाल्यांच्या घरी दिलं आहे. मागच्या दोन आखाज्यांना तिला माहेरी येता आलं नव्हतं, एकदा बाळंतपण आणि एकदा घरात आजारपण. तिचा आवाज फोनमधून अंगणात ऐकू येत होता. "आई, औंदा मी येस! पोरसले संगे लई येस! मांडा करशी ना?"

"करसू ना. नही कोन म्हनस?"

फोन ठेवल्यावर आई आपल्या हातांकडे बघत बसल्या. त्या दुपारी मी बोटं चोळत असताना त्या हळूच म्हणाल्या, "पोरी, एक सांगस. एक साल खापर उतरनं नही ना, की मंग ते उतरतच नही. अक्काना घरमा तसंच झायं. तिनी सासू बसनी आणि मांडा बंद पडना. आते हलवाईकडथून आनतस." थोडं थांबून म्हणाल्या, "मन्ह्या घरना मांडा हलवाईना नको."

मी मान खाली घालून चोळत राहिले.

पाडवा झाल्यावर आईंनी हात बघायला म्हणून थोडं पुरण घालायला सांगितलं. खापर उतरलं, ठोकून झालं, जित्तं निघालं. अंगणात चूल पेटली. आईंनी उंडा हातावर घेतला आणि मांडा फिरला. मनगट, कोपर, खाली लोंबला, आणि गेला खापरावर. आबा खाटेवर उठून बसले. अक्का नुसत्याच बघत राहिल्या, आणि अक्कांनी नुसतं बघत राहणं म्हणजे मोठी शाबासकी. आईंचं तोंड असं फुललं होतं की मला रडूच आलं, मी धुराचं निमित्त केलं.

मग सगळे खायला बसलो. आबांनी तूप घालून पहिला घास घेतला आणि चावायचे थांबले. अक्कांनी घास घेतला, तोंडात घोळवला.

"पुरणमा काय टाकं वं?"

"विलायची. जायफळ."

"ते कळनं. आणखी काय?"

"काहीच नही."

अक्कांनी मांडा नाकाजवळ धरला, मग वाकून आपल्या गुडघ्याचा वास घेतला, मग पुन्हा मांड्याचा. "माय वं! हाऊ तर मन्ह्या गुडघाना वास शे!"

आबांना ठसका लागला. "मले वाटनं, औंदा पुरणबी दुखस का काय."

मी घास घेतला. खरंच. गोड पुरण, साजूक तूप आणि पाठोपाठ रोशा, वाफेबरोबर नाकात. घरातल्या सगळ्यांची नाकं त्या वासाला इतकी सरावली होती की रोजच्या भाकरीला तो केव्हा लागला ते आम्हाला कळलंच नव्हतं. आबा आता सांगायला लागले, म्हैस मागच्या महिन्यापासून धार काढताना नाक फुरफुरत होती म्हणून.

त्यानंतर आम्ही आईंचे हात काय काय लावून धुतले! राख, बेसन, ताक, लिंबू. अक्का म्हणाल्या, चिंच. चिंच लावली. हात असे उजळले की नव्या नवरीचे वाटावेत, पण वास तिथेच. पिठात हात घातला, ऊब लागली, की आलाच. तेव्हा मग तेल बंद करून बघितलं. थोड्या दिवसांत वास गेला आणि त्याच्याबरोबर मूठही गेली. पुन्हा सकाळी बोटं ताठ, आणि मांडा काय, चहाची कपबशीही धरवेना, म्हणून तेल पुन्हा सुरू केलं.

आता अडचण अशी की तेल लावलं तर हात चालतो आणि मांड्याला वास मारतो. तेल सोडलं तर वास नाही आणि मांडाही नाही. आखाजीचा पहिला मांडा पूर्वजांचा. घागर भरायची, पूजा करायची आणि निखाऱ्यावर त्यांच्या नावाने घास टाकायचा, त्याला आमच्याकडे आगारी म्हणतात. त्या घासाला औषधाचा वास येऊन कसं चालेल?

संध्याकाळी आईंनी मला समोर बसवलं. "मांडा तू करशी."

मला एकदम सुटल्यासारखं वाटलं, कारण माझ्याकडे उत्तर होतं. मी दोन्ही हात पुढे केले. "माझ्या हातांनाही तोच वास आहे आई. चोळते तर मीच ना? आणि चोळायचं सोडलं तर तुमचं कोण करेल?"

आईंनी माझे हात हुंगले आणि सोडून दिले. तेवढ्यात खाटेवरून आबा म्हणाले, "तेल मी लाई देस."

आमच्याकडे म्हातारा माणूस बायकोचे हात हातात घेऊन बसतो असं कोणी बघितलेलं नाही. आबा तर आईंना नावानेही हाक मारत नाहीत, नुसतं खाकरतात.

"लाज शे का काही?" आई म्हणाल्या. "सून बठेल शे आठे."

"लाज कसानी? पोळाले बैलना खांदा कोन मळस? मीच ना?"

"मंग मी बैल शे का?"

"नही. बैल गुपचूप उभा ऱ्हास."

मी पदर तोंडात कोंबून आत पळाले.

पण ते ठरलं. माझे हात तेलापासून दूर राहिले आणि दुपारी आबा मधल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायला लागले. आतून आईंचं चालू असायचं, "हळू! बोट शे, कुदळना दांडा नही." आणि थोड्या वेळाने काहीच ऐकू यायचं नाही. आबा बाहेर यायचे ते हात धोतराला पुसत, कोणाकडे न बघता, तडक गावाच्या पाराकडे.

आता वास आबांना लागला. पारावर त्यांच्या वयाची मंडळी बसतात. आमचे हे तिथून जाताना ऐकून आले आणि जेवताना सांगून त्यांनी सगळ्यांना हसवलं. एकाने विचारलं होतं, "काय आबा, आज अत्तर लायं का?"

आबा म्हणाले, "म्हशीले लाई दिन्हं. तिना पाय धरेल शे."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "म्हैस कशी शे आबा?"

"बरी शे आते."

"चारा खास का?"

"खास. आणि बोलसबी."

यावर म्हणे पारावरची सगळी मंडळी खोकून खोकून बेजार झाली. पण दोनतीन दिवसांनी त्यातलेच एक भाऊ आमच्या दाराशी आले, आबांना बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "जरासं मलेबी दे ना ते तेल. मन्ही म्हैसबी दुखनावर शे." आबांनी त्यांना बाटलीतलं थोडं काढून दिलं आणि अगदी चाचांसारखं बजावलं, कच्चं लावायचं नाही.

इकडे माझं शिकणं चालू होतं. स्वयंपाकघराचं दार लावून. आधी ओल्या पंच्याचा चौकोन हातावर फिरवायचा, झोक बसला की मग पीठ. आई बघत बसल्या की मी उंडा पोळपाटावरच ठेवून द्यायची. एक दिवस त्यांनी आपला पाट उचलला, माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड केलं आणि बसल्या. "आते कर. मी देखत नही."

मी उंडा फिरवला. फाटला.

"डावा हात खाले ऱ्हायना," आई भिंतीला म्हणाल्या.

"तुम्हाला कसं कळलं?"

"ऐकू येस ना. पीठ हातवर पडस तव्हळ आवाज व्हस. बराबर पडनं तर फट्ट. नही तर नुसतं चिकटस."

त्यानंतर मीही तो आवाज ऐकायला लागले. खूप मांडे फाटले. फाटलेले आबांनी खाल्ले, ह्यांनी खाल्ले, शेवटी म्हशीने खाल्ले आणि तिने नाक फुरफुरलं नाही, तेव्हा वास गेल्याची आम्हाला खात्री पटली.

आखाजीच्या आदल्या दिवशी नणंद आली. दोन पोरं, केळीचा एक अख्खा घड आणि आवाज. आल्या आल्या तिने आईंचे हात धरले, बोटं बघितली, आणि तिचं हसू एकदम उतरलं. "आई, राहू दे वं मांडा. आमरस-पोळी करू."

"तू गप. मांडा व्हतीन."

सकाळी निंबाला झोका बांधला होता. आमच्या आळीच्या माहेरी आलेल्या सगळ्या लेकी आमच्याच अंगणात जमल्या, कारण चूल आमच्याकडे पेटली होती. मी पीठ मळून, ताणून, तेलपाणी लावून ठेवलं होतं. पुरण झालं होतं. खापर लालबुंद तापलं. आणि मी उंडा हातात घेऊन वर बघितलं तर सगळं अंगण माझ्याकडे बघत होतं. अक्का सगळ्यांत पुढे. तळव्यांना पाणी सुटलंच.

आईंनी बघितलं. त्यांनी आपला पाट उचलला, माझ्या आणि बायकांच्या मधे आणून टाकला, आणि माझ्याकडे पाठ करून बायकांकडे तोंड करून बसल्या.

"तठे काय देखतस वं? मन्हाकडे देखा. तुमले सांगस, मन्ह्या पहिल्या आखाजीले काय झायं ते." आणि त्यांनी सुरू केलं. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला आबा त्यांना न्यायला आले, लाजून घरात न येता गोठ्यातच बसून राहिले आणि तिथे वासराने त्यांचा नवा फेटा चघळून टाकला, ती गोष्ट. मी ती आधी कधी ऐकली नव्हती, नणंदेनेही नाही. एकेक तोंड आईंकडे वळलं. झोक्यावरच्या मुली उतरून जवळ आल्या. आबा दारातून म्हणाले, "वासरूनी चघळा नही, नुसता चाटा," त्यावर तर कोणाचं माझ्याकडे लक्षच राहिलं नाही.

पहिला मांडा फाटून चुलीत गेला. दुसरा गेला तो खापरावर दुमडून पडला. तिसऱ्याला मी डोळे मिटले आणि ऐकलं. फट्ट. फट्ट. मनगटावर आला, कोपराकडे सरकला, गार ओल्या कापडासारखा दंडाला लागला, आणि मी टाकला.

आईंनी गोष्ट मधेच तोडली. मागे वळल्या नाहीत. "हाऊ बठना," म्हणाल्या, आणि पुन्हा फेट्यावर गेल्या.

मग चालू झालं ते झालं. केव्हातरी गोष्ट संपली आणि बायका पुन्हा माझ्याकडे बघायला लागल्या असतील, मला कळलं नाही. अक्कांनी घडी करायला घेतली आणि एकालाही नाव न ठेवता मांडे टोपल्यात रचत गेल्या.

घागर भरून झाली. आगारीसाठी आबा पाटावर बसले. नीट बसलेला पहिला मांडा, भात, तूप, आमरस, सगळं मी पानावर वाढून दिलं. आबांनी मांड्याचा तुकडा मोडला, तुपात बुडवला आणि पूर्वजांचं नाव घेऊन निखाऱ्यावर ठेवला. तूप चर्रकन पेटलं. धूर वर आला, आणि त्या धुरात, घरभर, अगदी ठळक, रोशा.

सगळ्यांची नाकं वर झाली. आबांनी आपल्या बोटांकडे बघितलं. सण म्हणून सकाळीही आईंना तेल लावून ते तसेच पाटावर येऊन बसले होते, आणि आम्ही सगळ्यांनी एवढे दिवस माझे हात सांभाळले, आईंचे सांभाळले, त्यांच्या हातांचा विचार कोणी केलाच नव्हता.

"आते?" आबा आईंकडे बघून म्हणाले. इतक्या वर्षांत ते त्यांच्याकडे असं सरळ बघून बोलल्याचं मी पहिल्यांदाच बघितलं.

आईंना हसू आवरेना. सुजरी बोटं तोंडावर धरून त्या हसत होत्या. "टाका, टाका. त्यासनाबी गुडघा दुखत व्हतीन. लागू द्या तेल."

पंगत बसली. नणंदेने मांड्याचा घास घेतला, सगळे तिच्याकडे बघत होते. तिने सावकाश चावला. "आईसारखा नही शे," म्हणाली. "जरासा जाड शे." मग ताट पुढे केलं. "दुसरा दे वहिनी. आणि पोरसले वाढ."

आईंनी आपल्या पानातला मांडा नाकाशी नेला, वास घेतला, आणि मग खाल्ला.

जेवणं झाल्यावर लेकी पुन्हा झोक्यावर गेल्या. आबा पितळी वाटी घेऊन मधल्या खोलीच्या उंबऱ्यात येऊन खाकरले. आई अंगणभर बायकांमधून उठल्या आणि गेल्या. त्या दिवशी दार कोणी लावलं नाही. मी खापर गार झाल्यावर पुसून घेतलं, ठोकून बघितलं, आणि कोठीवर पालथं ठेवून आले.